ध्रुवणाचे जतन : ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या ध्रुवित-प्रोटॉन कार्याची वाटचाल

जी वस्तू एकदा हातची गेली असता पुन्हा मिळविण्याचा मार्गच उरत नाही, तिचे अखेरपर्यंत जतन करणे हेच ज्या संस्थेच्या एका मोठ्या विभागाचे चाळीस वर्षांहून अधिक काळाचे कार्य होऊन बसले, त्या संस्थेचा इतिहास हा नव्या नव्या प्राप्तीचा इतिहास असण्यापेक्षा टाळलेल्या हानीचाच इतिहास असावा, हे स्वाभाविक होय. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस लाँग आयलंड बेटावर वसलेली ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा ही ती संस्था, आणि प्रोटॉनांच्या शलाकेचे ध्रुवण ही ती वस्तू. प्रोटॉनाच्या स्पिनच्या अभ्यासाला वाहिलेली याहून मोठी यंत्रणा जगात दुसरी उभी राहिलेली नाही. सन २०२५ मध्ये स्पिनच्या संकल्पनेला शंभर वर्षे आणि या प्रयोगशाळेच्या सर्वांत मोठ्या वलयातील पहिल्या टकरीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. या दुहेरी निमित्ताने नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या या स्मरणिकेत तिच्या वाटचालीचा आलेख यावा, अशी संपादक मंडळाची इच्छा होती. आपल्या महाविद्यालयांतून बी.एस्सी.च्या वर्गात स्टर्न आणि गेर्लाख यांचा १९२२ चा प्रयोग शिकविला जातो. त्या प्रयोगातून निघालेला धागा कोठवर गेला, हे आमच्या विद्यार्थ्यांना कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका : १९२५ ते १९४६

लायडन येथे उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी १९२५ मध्ये इलेक्ट्रॉनाला स्वतःचे असे परिवलन, म्हणजेच स्पिन, असल्याचे मांडले; दोन वर्षांनी डेनिसन यांनी हायड्रोजन वायूच्या विशिष्ट उष्णतेवरून प्रोटॉनालाही तसेच स्पिन असल्याचे दाखविले. १९३३ मध्ये ओट्टो स्टर्न आणि त्यांचे सहकारी प्रोटॉनाचे चुंबकीय परिबल मोजावयास बसले, तेव्हा ते सिद्धांताने अपेक्षिलेल्या मूल्याच्या सुमारे अडीच पट भरले. आज तो आकडा २.७९३ असा निश्चित झाला आहे. त्यातून सरळ सिद्धांताचा एक वजा केला असता उरणारा १.७९३ हा अंक वेगवर्धकाच्या कामात ‘जी’ या अक्षराने ओळखला जातो, आणि पुढील सर्व हकिकतीत जो पेच आहे त्याचे मूळ याच अंकात आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

शलाकेतील शंभर प्रोटॉनांपैकी ऐंशींचे स्पिन वर आणि वीसांचे खाली असेल, तर ती शलाका साठ टक्के ध्रुवित आहे असे म्हणतात. अशी शलाका वर्तुळाकार वेगवर्धकात फिरू लागली म्हणजे वाकविणाऱ्या चुंबकांच्या ऊर्ध्व क्षेत्राभोवती प्रत्येक प्रोटॉनाच्या स्पिनचे परांचन होत राहते, आणि कणाची ऊर्जा जसजशी वाढते तसतशी एका फेरीतील परांचनांची संख्या वाढत जाते. १०० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला ती संख्या सुमारे १९१ असते, २५५ अब्जाला सुमारे ४८७. ही संख्या पूर्णांकाला येऊन भिडली की चुंबकांच्या मांडणीतील सूक्ष्म चुका प्रत्येक फेरीला स्पिनला एकाच दिशेने ढकलतात. नागपंचमीच्या झोक्याला योग्य क्षणी दिलेला हलका हातही काही वेळात फांदीपर्यंत नेतो, तसेच येथे घडते. या अनुस्पंदनाला यंत्राच्या अपूर्णतेतून निघालेले अनुस्पंदन म्हणतात आणि दर ५२३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टला त्याच्याशी एकदा गाठ पडते. त्याखेरीज शलाकेला एकत्र धरून ठेवणाऱ्या क्षेत्रातूनच उद्भवणारी दुसऱ्या जातीची अनुस्पंदने असतात. ती यंत्राच्या रचनेतच मुरलेली असल्यामुळे मांडणी कितीही नेटकी केली तरी जात नाहीत. इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरता फिरता प्रकाश उत्सर्जित करून आपोआप थोडे ध्रुवण मिळवितात. प्रोटॉनांना व्यवहारतः हा लाभ नाही. उगमस्थानी जे ध्रुवण दिले तेवढीच त्यांची पुंजी, आणि पुढे तिच्यात फक्त घट संभवते.

१९४७–१९६० : स्थापना

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नऊ विद्यापीठांनी एकत्र येऊन, कोणत्याही एका विद्यापीठाला न पेलणारी यंत्रे सर्वांनी मिळून उभारावीत अशी तजवीज केली, आणि कॅम्प अप्टन नावाच्या जुन्या लष्करी छावणीची जागा त्यांना मिळाली. प्रयोगशाळा १९४७ मध्ये स्थापन झाली. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या अंमलाखाली होता आणि त्याच्या मुक्ततेला अद्याप एक वर्ष लागावयाचे होते. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाले. हे साल एवढ्यासाठी सांगितले, की ब्रुकहेवन ही काही शतकांची परंपरा असलेली संस्था नव्हे. ती आपल्या आजच्या ज्येष्ठ शिक्षणसंस्थांच्याच पिढीची आहे. लष्कराने सोडलेल्या बराकींतून तिचा कारभार सुरू झाला.

१९५२ मध्ये कॉस्मोट्रॉन या यंत्राने प्रोटॉनांना एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पलीकडे नेले. हा टप्पा तोवर जगातील कोणत्याही वेगवर्धकाने ओलांडला नव्हता. त्याच वर्षी कूरंट, लिव्हिंग्स्टन आणि स्नायडर या तिघांनी येथेच तीव्र केंद्रीकरणाचे तत्त्व मांडले. चुंबकांच्या क्षेत्राचा उतार आलटून पालटून विरुद्ध दिशांना दिला असता शलाका पूर्वीपेक्षा कितीतरी अरुंद राहते आणि लहान चुंबकांवर काम भागते, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. पुढील बहुतेक सर्व मोठी वलये याच तत्त्वावर बांधली गेली. ज्या तीव्र क्षेत्रांनी शलाका सुरक्षित केली तीच पुढे ध्रुवणाच्या मुळावर येणार होती, आणि तो धोका निवारण्याच्या कामात कूरंट स्वतःच पुढाकार घेणार होते. परंतु त्या वेळी स्पिनचा विचार करण्याची कोणाला गरज वाटली नाही, आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्याचेही कारण नाही.

१९५९ मध्ये बार्गमन, मिशेल आणि तेलेगदी यांनी चुंबकीय क्षेत्रात वेगाने धावणाऱ्या कणाच्या स्पिनचे समीकरण मांडले. थॉमस यांनी विशीच्या दशकातच त्याचा पाया घातला होता, म्हणून ते चौघांच्याही नावाने ओळखले जाते. लगेच १९६० मध्ये फ्रॉइसार आणि स्तोरा यांनी अनुस्पंदन ओलांडताना काय घडते याचे सूत्र दिले. त्याचा निष्कर्ष मोठा मार्मिक आहे. अनुस्पंदन फार वेगाने ओलांडले तर ध्रुवण टिकते, फार संथपणे ओलांडले तर ते समूळ उलटते पण टिकते, आणि या दोहोंच्या मधल्या वेगाने ओलांडले तर मात्र नष्ट होते. पुढील अर्धशतकात जे जे उपाय योजण्यात आले त्यांपैकी काही घाई करण्याचे होते, काही संथ चालण्याचे होते, आणि एक उपाय अनुस्पंदनाची भेटच होऊ न देण्याचा होता.

१९६०–१९७० : एजीएस वलय

सुमारे ८०७ मीटर परिघाचे आणि ३३ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे एजीएस हे वलय १९६० मध्ये चालू झाले. याच वलयावर १९६२ मध्ये म्यूऑनाच्या जातीच्या न्यूट्रिनोचा आणि १९६४ मध्ये निसर्गातील एका सममितीच्या भंगाचा शोध लागला, आणि १९७४ मध्ये जे/साय कण सापडला. या शोधांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्या कथेच्या दृष्टीने या दशकात एवढेच घडले, की यंत्र उत्तम चालले आणि त्यातील प्रोटॉनांचे स्पिन कोणत्या दिशेला आहे, हे कोणी विचारले नाही.

१९७०–१९८० : अन्यत्र झालेला आरंभ

ध्रुवित प्रोटॉनांच्या वेगवर्धनाचा मान ब्रुकहेवनचा नव्हे, शिकागोनजीकच्या आर्गॉन प्रयोगशाळेचा आहे, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तेथील झेडजीएस या सौम्य केंद्रीकरणाच्या यंत्रात १९७३ मध्ये ॲलन क्रिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्रुवित शलाका प्रथम उच्च ऊर्जेला नेली. यंत्राचे क्षेत्र सौम्य असल्यामुळे अनुस्पंदनेही सौम्य होती, आणि क्षणार्धात चालू होणाऱ्या चतुर्ध्रुव चुंबकांनी त्यांच्यावरून झेप घेऊन पार होता येत असे. या प्रयोगांतून असे दिसले, की दोन प्रोटॉन जोराने आपटून मोठ्या कोनात उसळतात तेव्हा त्यांचे स्पिन समांतर असल्यास टक्कर विरुद्ध स्पिनच्या मानाने जवळजवळ चौपट संभवनीय ठरते. स्पिन ही उच्च ऊर्जेला विरून जाणारी क्षुल्लक बाब होय, असे मानणाऱ्या तज्ज्ञांना हा निष्कर्ष चकित करणारा होता. १९७९ मध्ये झेडजीएस बंद झाले, आणि त्या मंडळींचा ओघ ब्रुकहेवनकडे वळला.

याच दशकात सैबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे देर्बेनेव्ह आणि कोंद्रातेन्को यांनी अनुस्पंदनाची भेटच टाळणारा तो तिसरा उपाय सुचविला होता. वलयात एका ठिकाणी चुंबकांची अशी मालिका बसवावी, की तीतून जाताना प्रोटॉनाचा स्पिन एका आडव्या अक्षाभोवती अर्ध्या फेरीने फिरावा. असे केले असता एका फेरीत लागलेले धक्के पुढील फेरीत उलट दिशेने लागून एकमेकांना खोडतात. एका फेरीतील परांचनाच्या संख्येचा जो अपूर्णांक उरतो तो ऊर्जा कितीही वाढली तरी नेमका अर्धा राहतो, म्हणून ती संख्या पूर्णांकाला कधी भिडतच नाही. या मालिकेतून शलाका नागमोडी वळणे घेत जाते, म्हणून तिला ‘सैबेरियन साप’ हे नाव पडले.

१९८०–१९९० : परिश्रमाचे दशक

एजीएस तीव्र केंद्रीकरणाचे यंत्र. त्यातील अनुस्पंदनेही तीव्र. उगमापासून अखेरपर्यंत चाळीसच्या वर अपूर्णतेची अनुस्पंदने आणि त्यांखेरीज यंत्राच्या रचनेतील काही बलाढ्य अनुस्पंदने ओलांडल्याशिवाय शलाका बाहेर काढता येत नव्हती. यासाठी ९६ लहान द्विध्रुव चुंबक आणि १२ वेगवान चतुर्ध्रुव चुंबक बसविण्यात आले आणि प्रत्येक अनुस्पंदनाशी स्वतंत्रपणे सामना करण्याची पद्धत अवलंबिली गेली. एका अनुस्पंदनासाठी चुंबकांचे प्रवाह ठरवावयाचे, ध्रुवण मोजावयाचे, आकडे दप्तरी नोंदवावयाचे आणि मग पुढच्याकडे वळावयाचे. १९८४ मध्ये ध्रुवित शलाका सुमारे १६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत गेली आणि दशक संपण्यापूर्वी २२ अब्जांपर्यंत पोहोचली; तेथे ध्रुवण चाळीस टक्क्यांच्या आसपास उरले. प्रस्तुत लेखकाच्या मते या संस्थेच्या सर्व इतिहासात याहून मानाचे पान नाही. यश डोळ्यांत भरण्याजोगे मोठे नव्हते. परंतु रात्रपाळीला बसून प्रत्येक अनुस्पंदनाचा हिशेब चुकता करणाऱ्या त्या तंत्रज्ञांनी, अभियंत्यांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रोटॉनाचे ध्रुवण तीव्र केंद्रीकरणाच्या यंत्रातही टिकते, हे प्रत्यक्ष करून दाखविले. तथापि हीच पद्धत शेकडो अनुस्पंदनांच्या वलयात चालणे अशक्य आहे, हेही त्यांनीच दाखविले.

मध्यंतरी ब्रुकहेवन येथील एका मोठ्या टक्करयंत्राची योजना १९८३ मध्ये बरखास्त झाली आणि त्यासाठी खोदलेला सुमारे पावणेचार किलोमीटरचा बोगदा तसाच राहिला. त्या निर्णयाच्या भोवती जे वादविवाद झाले त्यांचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. बोगदा मात्र पुढे कामी आला.

या दशकात दोन घटनांनी विषयाला वेगळे वळण दिले. १९८८ मध्ये जिनीव्हा येथील सर्न संस्थेच्या एका प्रयोगगटाने प्रसिद्ध केले, की प्रोटॉनाच्या स्पिनपैकी त्यातील क्वार्कांच्या स्पिनमधून येणारा वाटा अपेक्षेपेक्षा फारच अल्प दिसतो. मग उरलेला स्पिन कोठून येतो? क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांकडे बोट दाखविले गेले. पण ग्लुऑनांचा स्पिन पाहावयाचा तर ध्रुवित प्रोटॉनाची ध्रुवित प्रोटॉनाशीच टक्कर घडविणे हा सर्वांत थेट मार्ग होता. दुसरी घटना १९८९ ची. इंडियाना विद्यापीठाच्या लहान वलयात क्रिश आणि सहकाऱ्यांनी सैबेरियन साप प्रत्यक्षात चालवून दाखविला.

१९९०–२००० : मंजुरी, करार आणि उभारणी

१९९० मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एक परिषद भरली आणि तेथून ब्रुकहेवनच्या नियोजित वलयात ध्रुवित प्रोटॉनांचा कार्यक्रम राबविण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्या रिकाम्या बोगद्यात जड अणुकेंद्रांची टक्कर घडविणाऱ्या यंत्राची उभारणी १९९१ मध्ये सुरू झाली. हेच यंत्र आज ‘रिक’ या नावाने ओळखले जाते. दोन वलये, ३.८ किलोमीटर परिघ, साडेचार केल्विन तापमानाच्या द्रवरूप हीलियमने थंड ठेवलेले १,७४० अतिसंवाहक चुंबक, असा त्याचा पसारा. सोन्याच्या अणुकेंद्रांसाठी योजलेल्या या यंत्रात ध्रुवित प्रोटॉनांना जागा मिळविण्यासाठी जी दरखास्त करण्यात आली तिला मंजुरी मिळाली, पण पैशाची तरतूद अपुरी होती. ही उणीव जपानच्या रिकेन संस्थेने भरून काढली. १९९५ मध्ये करारनामा झाला, आणि साप व स्पिन फिरविणारे अन्य चुंबक यांच्या खर्चाचा मोठा भार रिकेनने उचलला. १९९७ मध्ये रिकेन आणि ब्रुकहेवन यांचे संयुक्त संशोधनकेंद्र निघाले. त्सुंग-दाओ ली हे त्याचे पहिले संचालक झाले. १९९८ मध्ये प्रयोगशाळेचे व्यवस्थापन नव्या मंडळाकडे गेले. या स्थित्यंतरातही उभारणीचे काम थांबले नाही, याचे श्रेय सर्व कर्मचाऱ्यांचे आहे.

किल्लारीच्या भूकंपाला एक वर्ष होत आले असता, १९९४ च्या १७ सप्टेंबरला, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि नांदेड, लातूर व परभणीच्या महाविद्यालयांना जवळचे विद्यापीठ लाभले. त्याच साली एजीएस वलयात एक अर्धाकच्चा साप, म्हणजेच ‘अर्धसाप’, बसविण्यात आला. तो स्पिनला पूर्ण अर्ध्या फेरीने न फिरविता तिच्या फक्त पाच टक्के, म्हणजे नऊ अंशांनी, फिरवीत असे. एवढ्याशा कोनाने अपूर्णतेचे प्रत्येक अनुस्पंदन इतके बळकट होई, की स्पिन त्यावर विरण्याऐवजी समूळ उलटे, आणि फ्रॉइसार–स्तोरा यांच्या सूत्राप्रमाणे ध्रुवण टिके. ज्या चाळीस अनुस्पंदनांसाठी मागच्या दशकात एकेक करून घाम गाळला होता, ती एका उपकरणाने निकालात निघाली. संस्थेच्या इतिहासात श्रमाची जागा युक्तीने घेतल्याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. आणि ती युक्ती सुचण्यास आधीचे श्रमच कारणीभूत झाले, हेही तितकेच खरे.

रिकसाठी जे साप तयार झाले त्यांची रचना मळसूत्री आहे. प्रत्येक चुंबकाचे क्षेत्र २.४ मीटरच्या लांबीत मळसूत्राप्रमाणे एक पूर्ण वेढा घेते. असे चार चुंबक मिळून एक साप. चार टेस्लापर्यंतचे ते क्षेत्र पार करताना शलाका काही सेंटिमीटर इकडेतिकडे वळते, पण बाहेर पडताना आपल्या मूळ मार्गावरच येते. बदलतो तो केवळ स्पिन. प्रत्येक वलयात समोरासमोर दोन साप, आणि दोन प्रयोगस्थानांच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ स्पिन-परिवर्तक; असे एकूण ४८ मळसूत्री चुंबक सिद्ध करण्यात आले.

२०००–२०१० : पहिल्या टकरी

१२ जून २००० रोजी रिकमध्ये सोन्याच्या अणुकेंद्रांची पहिली टक्कर झाली, आणि त्याच वर्षी एका वलयात एकच साप बसवून ध्रुवित प्रोटॉनांची चाचणी घेण्यात आली. २००१ च्या डिसेंबरात १०० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ध्रुवित प्रोटॉनांची परस्परांशी टक्कर घडली. जगाच्या इतिहासातील ही अशी पहिलीच टक्कर. ध्रुवण तेव्हा वीस टक्क्यांच्या घरात होते. एवढ्या अल्प ध्रुवणावर काम भागत नाही, कारण दोन्ही शलाका ध्रुवित असलेल्या प्रयोगाची गुणवत्ता ध्रुवणाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलते. ध्रुवण अर्ध्यावर आले तर त्याच निष्कर्षासाठी सोळापट काळ यंत्र चालवावे लागते. टक्क्याटक्क्यासाठी ही मंडळी का झगडत होती, याचा उलगडा या एका आकड्यात होतो.

ही झुंज साखळीच्या प्रत्येक कडीवर झाली. उगमस्थानी जपानच्या केईके प्रयोगशाळेतून आलेले आणि कॅनडातील ट्रायंफ संस्थेत सुधारलेले, लेसरच्या प्रकाशाने ध्रुवण देणारे यंत्र बसविण्यात आले. ते ऐंशी टक्क्यांहून अधिक ध्रुवित शलाका देऊ लागले. तेथून २०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा रेषीय वेगवर्धक, मग बूस्टर हे लहान वलय, मग एजीएस, मग रिक असा प्रवास. २००४ मध्ये एजीएसमध्ये जुन्या अर्धसापाच्या जागी मळसूत्री अर्धसाप आला, त्यापाठोपाठ एक अतिसंवाहक बलवान अर्धसाप बसविण्यात आला. आणि एजीएसमधून बाहेर पडणारे ध्रुवण पासष्ट टक्क्यांच्या आसपास स्थिरावले. ध्रुवण मोजण्यासाठी कार्बनची केसाहूनही तलम फीत क्षणभर शलाकेतून ओढली जाते आणि विखुरलेल्या कार्बनकणांचा डावा-उजवा फरक मोजला जातो; या मापाची खातरजमा २००४ पासून ध्रुवित हायड्रोजनच्या फवाऱ्यावर होऊ लागली. २००६ पर्यंत १०० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला ध्रुवण पंचावन्न ते साठ टक्क्यांवर आले, आणि २००९ मध्ये शलाका प्रथमच २५० अब्जांवर टकरल्या.

सापांमुळे सर्व प्रश्न मिटले, असे मात्र समजू नये. शलाकेच्या ऊर्ध्व दोलनांची संख्या काही विशिष्ट अपूर्णांकांवर आली, तर सापांसहित असलेल्या वलयातही ध्रुवण गळते. म्हणून वलय चालविणाऱ्यांना दोलनसंख्या एका अरुंद पट्ट्यात, आणि शलाकेचा मार्ग मिलिमीटरच्या अंशापर्यंत चुंबकांच्या मध्यावर ठेवावा लागतो. पूर्ण ऊर्जेला शलाका सुमारे आठ तास वलयात राहते आणि सेकंदाला ७८ हजार फेऱ्या घेते. म्हणजे एका सत्रात दोन अब्जांहून अधिक फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत शेकडो परांचने. एवढ्या प्रवासानंतरही स्पिनची दिशा बव्हंशी टिकून राहते, ही मानवी कारागिरीची थोरवी होय.

या दशकात कार्य करणाऱ्यांत थॉमस रोसर, मे बाय, हाईशिन हुआंग, वाल्डो मॅके, अनातोली झेलेन्स्की यांची नावे वारंवार येतात. पण अशा कामात यादी केली की अन्याय होतोच, म्हणून शेकडो सहकाऱ्यांना एकत्रितपणे वंदन करून पुढे जाणे योग्य. भारताचा वाटाही येथे नोंदविला पाहिजे. या वलयावरील फीनिक्स या प्रयोगगटात मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र सामील होते, आणि स्टार या गटात कोलकाता, भुवनेश्वर, जम्मू, जयपूर व चंदीगड येथील संस्था. प्रोटॉनाच्या स्पिनचा शोध घेण्याच्या कामात अग्रभागी असलेले अभय देशपांडे हे येल विद्यापीठात व्हर्नन ह्यूज यांच्या मार्गदर्शनाखाली सर्नच्या म्यूऑन-प्रयोगावर डॉक्टरेट करून ब्रुकहेवनच्या कार्यात दाखल झाले, आणि पुढे स्टोनी ब्रुक विद्यापीठात प्राध्यापक झाले.

२०१०–२०२० : निष्कर्षांचे दशक

२०११ पासून एजीएसमध्ये दोन वेगवान चतुर्ध्रुव चुंबकांनी ८२ दुबळ्या अनुस्पंदनांवरून एकापाठोपाठ झेप घेण्याची व्यवस्था झाली. अर्धसापांनी मोठ्या अनुस्पंदनांचा बंदोबस्त केल्यावर जी लहानसहान शिल्लक उरली होती, तिचाही असा निकाल लागला. द्रवरूप हीलियमच्या वाहण्याने रिकचे काही चुंबक सेकंदाला सुमारे दहा वेळा थरथरत असत. ती थरथरही ओळखून मोडण्यात आली. २०१२ मध्ये २५५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला ध्रुवण पन्नास टक्क्यांच्या पुढे गेले. दोन पूर्ण साप असलेल्या वलयात त्याच ऊर्जेला सर्व स्पिन एकदम उलटे करण्याचा प्रयोग सिद्धीस गेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उलटवण्याची कार्यक्षमता ९७ टक्के भरली.

ज्या प्रश्नासाठी हा सारा खटाटोप होता त्याची उत्तरेही याच दशकात मिळू लागली. २०१४ मध्ये रिकच्या मापनांवरून केलेल्या विश्लेषणाने दाखविले, की ग्लुऑनांचा स्पिन शून्य नाही आणि मोजलेल्या टापूत तो प्रोटॉनाच्या स्पिनला बराच हातभार लावतो. २५० अब्जांपुढच्या टकरींत निर्माण होणाऱ्या डब्ल्यू बोसॉनांवरून प्रोटॉनाच्या पोटातील प्रतिक्वार्कांच्या दोन जातींचे ध्रुवण सारखे नसल्याचे उघड झाले. प्रोटॉनाच्या स्पिनचा संपूर्ण ताळेबंद अद्याप जमलेला नाही. पण ग्लुऑनांच्या खात्यातील पहिली ठोस नोंद याच संस्थेने केली, हा निकाल आता पक्का आहे.

२०२० नंतर : चालू कार्य

२०२१ च्या अखेरीस वीजपुरवठ्यातील एका बिघाडाने एका वलयातील सापाच्या चार मळसूत्री चुंबकांपैकी दोन निकामी झाले. दुरुस्तीसाठी ते वलय तापवून पुन्हा थंड करावयाचे तर त्या धावेचा, म्हणजे यंत्र चालविण्याच्या त्या हंगामाचा, सारा काळच खर्ची पडावा. म्हणून उरलेल्या दोन चुंबकांवरच तो साप चालविण्यात आला, ऊर्जा किंचित घटविण्यात आली, आणि ती धाव पूर्ण झाली. चाळीस वर्षांत जमा झालेल्या अनुभवाचे मोल अशाच प्रसंगी दिसते. २०२४ मध्ये नव्या स्फीनिक्स शोधकासह ध्रुवित प्रोटॉनांची आणखी एक धाव झाली, आणि २०२५ मध्ये सुरू झालेली धाव रिकची अखेरची म्हणून योजण्यात आली.

जानेवारी २०२० मध्येच अमेरिकी सरकारने इलेक्ट्रॉन-आयन टक्करयंत्रासाठी ब्रुकहेवनची निवड केली होती. त्यात रिकचेच एक वलय प्रोटॉनांसाठी वापरले जाईल. २७५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या प्रोटॉनांना सत्तर टक्के ध्रुवण राखावे लागेल आणि त्यासाठी दोहोंऐवजी सहा साप बसविण्याची योजना आहे. हीलियम-३ ची ध्रुवित अणुकेंद्रेही याच वलयात फिरवावयाची आहेत. त्यांचा ‘जी’ अंक प्रोटॉनाच्या दुपटीहून मोठा आणि ऋण असल्यामुळे अनुस्पंदने अधिक व अधिक बळकट असतील. या यंत्राच्या वैज्ञानिक आखणीची धुरा वाहणाऱ्यांत अभय देशपांडे प्रमुख आहेत. २०१७ मध्ये स्टोनी ब्रुक येथे स्थापन झालेल्या अणुकेंद्रविज्ञान केंद्राचे ते संस्थापक संचालक होत.

आपल्या भागातील तरुणांना एक विनंती करणे अगत्याचे आहे. नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. अतिसूक्ष्म थरथर ओळखून मोडण्याचे, चुंबक व निर्वात यंत्रणा वर्षानुवर्षे सांभाळण्याचे कसब तेथेही लागेल, आणि मुंबई, इंदूर व कोलकाता येथील वेगवर्धकांवरही लागते. पदव्युत्तर पदार्थविज्ञान शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी कण-वेगवर्धक हा विषय केवळ प्रश्नपत्रिकेपुरता न ठेवता भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणशाळेची प्रवेशपरीक्षा द्यावी, आणि ज्या प्राध्यापकांपाशी या विषयाची पुस्तके असतील त्यांनी ती विभागाच्या ग्रंथालयात जमा करावीत.